सुट्टीच्या दिवशी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला मराठी येत नाही, असं मी वीस वर्षं सांगत आलो. इंग्रजीही येत नाही, पण त्यावर बोलायचा अधिकार माझा नाही. मी चिंचवडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होतो, तेही कॉमर्सला. म्हणजे ज्या तासाला लोक मागच्या बाकावर डबा उघडतात तो तास माझा. आमचे वर्ग संध्याकाळी भरायचे, कारण आमचे विद्यार्थी दिवसभर कंपनीत असायचे. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या गळ्यात नको ती कामं पडतात, तसा मी कॉलेजचा परीक्षा अधिकारी होतो. हॉलतिकिटं वाटायची, आसनक्रमांक टाकायचे, गैरहजेरी कळवायची, आणि विद्यापीठाची परिपत्रकं सगळ्यांच्या आधी वाचायची.

ती वाचणं हा माझा छंद होऊन बसला होता. पीडीएफ आली की मी ती छापून घेई, लाल पेन काढी, चुकांना गोल करी आणि कागद स्टाफरूमच्या सूचनाफलकावर टाचणीने लावी. सहकारी चहाचा कप घेऊन तिथे उभे राहत आणि हसत. मला ते फार आवडायचं. एका सूचनेत लिहिलं होतं की पाण्याची बाटली पारदर्शक असावी आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नसावं. पुढच्याच ओळीत बाटलीवर आसनक्रमांक लिहिणं बंधनकारक केलं होतं. एकदा ‘परीक्षार्थ्याने परीक्षेस स्वतः उपस्थित राहावे’ असं आलं, म्हणजे आजवर काय चाललं होतं कोण जाणे. एका वर्षी पेन्सिलने लिहिलेली उत्तरं तपासली जातील असं छापून आलं आणि दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रक निघालं की ‘जातील’ऐवजी ‘जाणार नाहीत’ असं वाचावं. ज्यांनी रात्रीतून पेन्सिली विकत आणल्या त्यांचं काय, याबद्दल शुद्धिपत्रक गप्प होतं. अशा लोकांच्या हातात हजारो माणसांच्या पदव्या आहेत, हे मी वर्गात उघड बोलायचो.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून देण्यासाठी पूर्वी कधीतरी इथल्या कारखान्यांना गुरुवार लावून दिला, असं जुने लोक सांगतात. वीज पुढे सुधारली, गुरुवार तसाच राहिला. तळवड्याला रस्त्याच्या एका बाजूला आयटी पार्क आहे, तिथली मुलं शनिवार-रविवार घरी. समोरच्या बाजूला पत्र्याच्या शेड, तिथली माणसं रविवारी मान खाली घालून कामावर. लग्नाची बोलणी गुरुवारी, गॅस शेगडीची दुरुस्ती गुरुवारी, पोराचे केस कापायचे गुरुवारी. त्यात पुन्हा गुरुवार पडला उपासातापासाचा, म्हणून मटणाच्या दुकानापुढे रांग बुधवारी संध्याकाळी लागते. आमचे जादा तासही गुरुवारी सकाळीच असायचे. मी मूळचा इथला नाही, पण इतक्या वर्षांत माझ्याही डोक्यात सुट्टी म्हणजे गुरुवार हे पक्कं बसलं होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी विद्यापीठाने जुना अभ्यासक्रम बंद करायचं ठरवलं. त्यात ज्यांचे विषय राहिले होते त्यांना शेवटची एक संधी मिळणार होती. ती हुकली की आधी सुटलेले सगळे विषय पाण्यात आणि नव्याने पहिल्या वर्षाला प्रवेश. आमच्याकडे असे अकराजण होते. त्यांतली एक बाई माझ्या चांगली लक्षात होती. बीडकडची, वय पस्तिशीच्या आसपास, राहायला रहाटणीत, नवरा वेल्डिंगच्या कामावर. ती तळवड्याच्या एका शेडमध्ये गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची. तो माल पुढे चाकणला जायचा. सगळे विषय सुटले होते, एक सांख्यिकी तेवढा राहिला होता, आणि त्यात ती तीनदा नापास झाली होती.

तिला पदवी कशाला हवी ते तिने मला एकदा साधेपणाने सांगितलं होतं. लाइनवर आठ तास उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, उभं राहायचं काम सोडा. शेडच्या स्टोअरमध्ये बसून नोंदी करणारा माणूस वर्षअखेरीला निवृत्त होणार होता आणि मालकाने शब्द दिला होता की ग्रॅज्युएट झालीस तर ती खुर्ची तुझी. बाकीचे पदवी घेऊन काय करणार होते ते त्यांचं त्यांना माहीत. हिला एक खुर्ची हवी होती. गुरुवारच्या जादा तासाला ती सर्वांत आधी येऊन बसायची. गणिताच्या शिक्षकाला तिचे प्रश्न आवडत नसत, कारण ती उत्तर समजेपर्यंत विचारत राहायची.

परीक्षेचं संभाव्य वेळापत्रक आलं. खाली लिहिलं होतं की हरकती असल्यास आठ दिवसांत कॉलेजमार्फत कळवाव्यात. अकरांपैकी बहुतेकांचे पेपर सोमवार, मंगळवार, शनिवार असे पडले होते. दर पेपरला खाडा करायचा म्हणजे कंत्राटी माणसाने काम गमावायची तयारी ठेवायची. सांख्यिकीचा पेपर मात्र नेमका गुरुवारी, सकाळी दहाला आला होता. ते अकराजण टोळक्याने माझ्याकडे आले, त्यात तीही होती. सर, तुम्ही अर्ज लिहा, तुमचं मराठी चांगलं आहे, असं सगळे म्हणाले. मला आणखी काय हवं होतं? सगळे निघून गेल्यावर ती दाराशी थांबली.

“सर, माझा गुरुवारच आलाय बघा. त्याला तेवढा हात लागू देऊ नका.”

मी हसलो. म्हटलं, अहो, तुमच्या गुरुवारावरच तर सगळ्यांना आणायचंय.

मी अर्ज लिहिला. दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. औद्योगिक परिसरातील श्रमजीवी विद्यार्थ्यांची परवड, वातानुकूलित दालनात बसून वेळापत्रकं आखणाऱ्यांची अनास्था, ज्ञानाची आस, सगळं त्यात होतं. शेवटी मागणी होती की या विद्यार्थ्यांच्या जुन्या अभ्यासक्रमाच्या सर्व विषयांच्या परीक्षा कृपया त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घेण्यात याव्यात. ‘कृपया’ हा शब्द मी टोमणा म्हणून घातला होता. स्टाफरूममध्ये अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. एकजण म्हणाला, हा तर पाठ्यपुस्तकात लावायला हवा. मी तीनदा वाचला, एकही वेलांटी चुकली नव्हती. प्राचार्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

अंतिम वेळापत्रक आलं तेव्हा मी लाल पेन हातात घेऊनच ते उघडलं. आमच्या केंद्रापुरते जुन्या अभ्यासक्रमाचे सगळे पेपर चार रविवारी टाकले होते. गुरुवारचा सांख्यिकीही उचलून तिसऱ्या रविवारी ठेवला होता. खाली तळटीप होती: नोकरदार विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून व त्यांच्या सुट्टीचा विचार करून.

मी त्या तळटिपेला असा काही गोल केला की कागद फाटला. आख्ख्या स्टाफरूमला ऐकवलं की गाढवांना साधी गोष्ट कळत नाही, असलेला गुरुवारसुद्धा काढून घेतला. सगळ्यांना पटलं. त्याच तावात मी परीक्षा विभागाला फोन लावला. एका तरुण बाईने उचलला. मी तिला विचारलं की आपल्या कार्यालयात दिनदर्शिका वापरतात का, आणि वापरत असल्यास कोणत्या ग्रहावरची. ती चिडली नाही. म्हणाली, थांबा सर, तुमची फाइल काढते. कागदांची सळसळ ऐकू आली आणि मग तिने माझा अर्ज मला वाचून दाखवायला सुरुवात केली. परवड, अनास्था, ज्ञानाची आस. तिच्या तोंडून ते फार वाईट वाटत होतं.

“सर, यात ‘सुट्टीच्या दिवशी’ असं आहे. वार कुठेच लिहिलेला नाही. आम्ही सुट्टी म्हणजे रविवार धरला.”

माझ्याकडे स्थळप्रत होती. मी ती वाचली. पुन्हा वाचली. दीड पानात ‘गुरुवार’ हा शब्द नव्हता. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत आमच्यातल्या कुणाच्याही तो नाही हे लक्षात आलं नव्हतं, कारण आमच्याकडे तो सांगावा लागत नाही. दुसऱ्याच्या बाटल्या आणि पेन्सिली शोधत फिरणाऱ्या माझ्या नजरेतून आख्खा वार निसटला होता.

ती बाई पुढे जे बोलली ते मी विसरायचा खूप प्रयत्न केला आहे. तिने सांगितलं की समितीची बैठक परवा आहे. उद्या दुपारपर्यंत प्राचार्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र द्या, की आमच्या अर्जात वार लिहायचा राहून गेला, सुट्टी गुरुवारी असते. मी विषय ठेवते, होऊन जाईल. तिच्या बोलण्यात खवचटपणा अजिबात नव्हता. उलट तिला वाईट वाटलं असावं.

दोन ओळी. मी त्या लिहायला बसलो. ‘आमच्या अर्जात’ इथपर्यंत आलो आणि हात थांबला. वीस वर्षं मी ज्यांना वाक्य लिहिता येत नाही म्हणून हिणवलं, त्यांना मीच लिहून देणार होतो की मला वाक्य लिहिता आलं नाही. तो कागद त्यांच्या ऑफिसात टेबलाटेबलावर फिरेल, कदाचित कुणी लाल गोलही करेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. मी तो कागद फाडला आणि वेगळंच पत्र लिहिलं. ज्या विद्यापीठाला आपल्याच कार्यक्षेत्रातील कामगारांची सुट्टी कधी असते हे ठाऊक नाही, त्याने शुद्धिपत्रकांऐवजी आत्मपरीक्षण काढावे, असं त्यात होतं. पत्र झकास जमलं होतं. त्यातही चूक आमची आहे असं कुठेच नव्हतं. उत्तर आलं की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. वेळापत्रक तसंच राहिलं.

ती विचारायला आली तेव्हा मी तिला सांगितलं की हा युनिव्हर्सिटीचा नेहमीचा घोळ आहे. माझ्या तोंडी हे वाक्य इतकं बसलेलं होतं की खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. तिने वेळापत्रकावर बोट ठेवून रविवार मोजले. मग म्हणाली, बघते सर, सुट्टी मागून.

तिला सुट्टी मिळाली नाही. त्या रविवारी चाकणला माल जायचा होता. मालकाने मेहरबानी म्हणून सांगितलं, सहाला ये, नऊला बदली बाई आली की जा. शेडपासून कॉलेजपर्यंत एरवी पाऊण तासाचं अंतर.

त्या दिवशी दहाला घंटा झाली. मी वर्गांतून फेरी मारली, सांख्यिकीच्या खोलीत तिचा बाक रिकामा होता. परीक्षेच्या नियमांत अर्ध्या तासानंतर प्रवेश नाही. अपवाद करायचा तर परीक्षा विभागाची फोनवर परवानगी घ्यायची, असाही एक पोटनियम आहे, आणि तो वाचून मी कधीकाळी बरं वाटून घेतलं होतं की कुणीतरी थोडा विचार केलाय. साडेदहाला मी फाटकापाशी आलो. आमचा शिपाई तिथे उभा होता. चिंचवड गावठाणातला जुना माणूस, त्याच्या वाडवडिलांची शेतं होती तिथे आता सोसायट्या आहेत. त्याने माझ्याकडे बघून फाटकाला कडी लावली.

दहा छत्तीसला ती आली. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच, हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन पेनं, हॉलतिकीट, साधा कॅल्क्युलेटर. सगळं नियमाप्रमाणे. बदली बाई पावणेदहाला उगवली होती. तिथून ही निघाली आणि निगडीपर्यंत एका टेम्पोत उभ्याने आली होती. सकाळी सहापासून ती उभीच होती. तिने कडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मी फोन लावला. हे मात्र मी केलं. परीक्षा विभागाचा नंबर वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना मला आठवलं की आज रविवार आहे, त्यांच्या ऑफिसला सुट्टी आहे. परीक्षा रविवारी ठेवणाऱ्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं की परवानगी द्यायला त्या दिवशी कुणी हजर असणार नाही. एरवी यावर मी महिनाभर हसलो असतो.

शिपाई माझ्या कानाशी आला.

“सोडा की वो सायेब. सा मिन्टं तर झाल्यात. कुनाला कळतंय?”

कुणालाही कळलं नसतं. हजेरीपटावर मी वेळ टाकली असती ती वेळ. फार तर भरारी पथक आलं असतं आणि मी म्हटलं असतं, माझ्या जबाबदारीवर आत घेतलंय, काय करायचं ते करा. असली वाक्यं मी चहाच्या टेबलावर रोज बोलायचो. पण माझ्या त्या झकास पत्रांमुळे परीक्षा विभागात माझं नाव सगळ्यांना पाठ होतं. आमच्या केंद्रावर नियम मोडला आणि तो मी मोडला, एवढं त्यांना पुरलं असतं. ते मला दाखवून देतील, याची मला भीती वाटली. भीतीच होती ती, दुसरं काही नव्हतं. ज्या नियमांची मी इतकी वर्षं टिंगल केली त्यांच्यातला एक मोडायची वेळ आली आणि माझ्याएवढा आज्ञाधारक माणूस सगळ्या विद्यापीठात सापडला नसता.

मी म्हणालो, “नियम आहे हो. माझ्या हातात नाही.”

शिपायाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी घड्याळात बघितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फाटकाशेजारच्या कठड्यावर बसली आणि चप्पल काढून तिने पाय चोळले. आतल्या खोल्यांतून पुरवण्या मागितल्याचे आवाज येत होते. मी जायला निघालो तेव्हा तिने हाक मारली. तिने काहीतरी टोचून बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं.

“सर, तुम्हीच पुन्हा एक अर्ज लिहून द्या की त्यांना. तुमचं ऐकतील.”

शिपायाने त्याच्या खोलीतून कोरा कागद आणून दिला. मी तो फाटकाच्या खांबावर धरून लिहू लागलो. खास बाब म्हणून फेरपरीक्षा घ्यावी, अशी विनंती. असे अर्ज मान्य होत नाहीत हे मला लिहितानाच माहीत होतं आणि महिन्याभराने तो फेटाळलाही गेला. स्टोअरची ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. ती अजून लाइनवर उभी असते, असं तिच्याबरोबरच्या एकाने मला नंतर सांगितलं. पण खांबाशी उभा होतो तेव्हा या कशाचाही मी विचार करत नव्हतो. अर्जात एक जागा होती जिथे पेपर हुकण्याचं कारण लिहायचं होतं. तिथे येऊन मी थांबलो. खरं कारण मला पाठ होतं, एका ओळीत मावलं असतं, आणि ते वाचून कदाचित त्या फोनवरच्या बाईने पुन्हा फाइल काढलीही असती. मी लिहिलं: कामाच्या ठिकाणच्या अडचणीमुळे उशीर झाला.

कागद मी तिच्यापुढे धरला. तिने पाऊचमधून पेन काढलं आणि खाली सही केली.

मी म्हटलं, “आधी वाचून तरी घ्या.”

“तुम्ही लिहिलंय ना सर,” ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.